अपोलो बंदर, घारापुरी, भायखळा : दगडी हत्तीच्या वाटेने

घारापुरीच्या किनाऱ्यावर एके काळी काळ्या पाषाणातून कोरलेला हत्ती उभा होता. बेटावर उतरणाऱ्याला लेण्यांच्या आधी तो दिसायचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलेफंटा म्हणायला सुरुवात केली आणि जगभर तेच नाव झालं. हत्ती मात्र आता बेटावर नाही. तो भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवते. लेण्यांबद्दल बोलायला लागलं की वर्गातलं कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, मग हत्ती कुठंय?" उत्तर मला पुस्तकातून माहीत होतं, पण हत्ती जिथून गेला ती जागा आणि जिथं पोचला ती जागा, दोन्ही एका दमात बघायची फार दिवसांची इच्छा होती. माझी भाची मुंबईत शिल्पकला शिकते. "मावशी, तू ये तर खरी, पुढचं मी बघते," ती म्हणाली आणि हिवाळ्यातला एक शुक्रवार ठरला.

शुक्रवार : अपोलो बंदर

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरले. भाची फलाटावरच होती. तिच्या खोलीवर सामान टाकलं, आंघोळी उरकल्या, स्टेशनसमोर वडापाव खाल्ला आणि चालत निघालो. गेटवेला जायला टॅक्सी किंवा बेस्टची बस मिळते, पण शिल्पं बघायची असतील तर हा रस्ता पायीच करावा. हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, मशाल उंच धरलेले शेतकरी आणि कामगार. शेजारीच फ्लोरा फाउंटन. पुढं काळा घोडा.

काळा घोडा इथं दोनदा उभा राहिला आहे. पहिला घोडा स्वारासकट होता. सातवा एडवर्ड युवराज असताना मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी तो पुतळा करवून घेतला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम. 1879 साली तो बसवला आणि 1965 साली इथून काढून भायखळ्याला नेला. पुतळा गेला तरी परिसराचं नाव काही गेलं नाही, लोक काळा घोडाच म्हणत राहिले. मग 2017 साली नवा घोडा आला, या वेळी स्वाराशिवाय. संकल्पना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची आणि शिल्प श्रीहरी भोसले यांचं. मला हा मोकळा घोडा मनापासून आवडतो. त्याच्या पाठीवर कुणाला बसवायचं हा वादच ठेवलेला नाही, त्यामुळे नजर थेट घोड्यावर जाते. मानेला दिलेला बाक, ताणलेले स्नायू, सगळं नीट बघता येतं.

गेटवेवर, म्हणजे अपोलो बंदरावर, पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. पोलिसांची तपासणी, रांग, मग ते मोठं अंगण. हातात छापील फोटोंची चवड घेतलेले फोटोवाले, कबुतरं, लाँचच्या तिकिटांसाठी हाका. ही कमान पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 च्या डिसेंबरात इथं उतरले त्याची आठवण म्हणून बांधली. ते आले तेव्हा प्रत्यक्षात दगडी कमान नव्हतीच. जॉर्ज विटेट यांचा आराखडा नंतर मंजूर झाला, समुद्रात भर घालून जागा केली आणि 4 डिसेंबर 1924 ला कमान खुली झाली. पिवळसर बेसॉल्ट, उंची 26 मीटर, जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या. 1948 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली, हे आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. तिथं उभं राहून ते वाक्य मनात म्हटलं की अंगावर काटा येतो.

आम्ही आलो होतो ते समोरच्या बागेतल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी. याच जागी आधी पंचम जॉर्जचा पुतळा होता. महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 ला झालं आणि पुढच्याच प्रजासत्ताक दिनी, 26 जानेवारी 1961 ला, महाराजांच्या या पुतळ्याचं अनावरण झालं. ज्या राजासाठी कमान उभारली त्याचा पुतळा हलला, आणि ज्यांनी सतराव्या शतकात या किनाऱ्यावर स्वतःचं आरमार उभं केलं ते छत्रपती तिथं आले. नव्या राज्याला पहिल्याच वर्षी हे करावंसं वाटलं, याचा मला अभिमान वाटतो.

पर्यटकांपैकी बहुतेक जण कमानीकडे जातात, एक फोटो काढतात आणि लाँचच्या रांगेला लागतात. पुतळ्यासमोर दहा मिनिटं थांबणारे फार थोडे. आम्ही कठड्याच्या बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घातली. अश्वारूढ पुतळा एका जागेवरून कधीच समजत नाही. समोरून घोड्याची छाती आणि मान स्वाराला जवळजवळ झाकून टाकते. बाजूने गेलं की स्वाराची पाठ आणि घोड्याच्या पाठीची रेघ एकमेकींना कशी भेटते ते दिसतं. चौथरा उंच असल्यामुळे आपण कायम खालून बघतो. म्हणून जाणकार शिल्पकार डोकं आणि खांदे किंचित मोठे घेतो, नाहीतर खालून बघणाऱ्याला ते लहान वाटतात. चौथऱ्याच्या पायापासून थोडं मागं सरकत सरकत कुठं प्रमाण जुळतं ते शोधा, असं मी मुलांना नेहमी सांगते. इथं ती जागा बरीच मागं सापडली.

भाचीला ओतकामाबद्दल विचारलं तशी ती रंगात आली. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर माती. मातीत काम पुरं झालं की प्लास्टरचा साचा. साच्याच्या आतून मेणाचा थर द्यायचा, त्याच्या आत आणि बाहेर भट्टीचा ताप सोसणारा मसाला भरायचा. भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत तांबं आणि कथलाचा रस, म्हणजे ब्राँझ, ओततात. मोठा घोडा एका ओतात होत नाही. पाय वेगळे, धड वेगळं, मान वेगळी. मग जोडायचं आणि जोड दिसणार नाही इतकं घासायचं. "आणि मावशी, बाहेरून दिसतं ती नुसती कातडी असते," ती म्हणाली. "एवढं वजन घोड्याच्या बारीक पायांवर येतं. ते पेलतो आतला सांगाडा आणि चौथऱ्यात उतरवलेले दांडे. तिथं गंज लागला की संपलं."

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा आम्हां दोघींच्याही मनात आला. 4 डिसेंबर 2023 ला अनावरण आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो 35 फुटी पुतळा कोसळला. त्या दिवशी माझ्या वर्गातली मुलं रडकुंडीला आली होती. समुद्राकाठी पुतळा उभा करणं हे गावातल्या चौकात उभा करण्यासारखं नसतं. खारी हवा लोखंडाच्या प्रत्येक जोडात शिरते, पावसाळी वारा पुतळ्याच्या पूर्ण अंगावर आदळतो. ब्राँझ कळकतं, हिरवट होतं, पण तो थर बऱ्याच अंशी खालच्या धातूला सांभाळतो. लोखंडाचं तसं नाही, ते आतून खात जातं. राजकोटला 2025 साली नवा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. अपोलो बंदराचा पुतळा 1961 पासूनचे सगळे पावसाळे अंगावर घेऊन उभा आहे. हे काम करणाऱ्या ओतारींचं आणि कारागिरांचं नाव चौथऱ्याजवळ ठळक लिहायला हवं, असं मला फार वाटतं. फलकावर अनावरण करणाऱ्याचं नाव हटकून असतं, घडवणाऱ्याचं शोधावं लागतं.

बागेजवळच विवेकानंदांचा पुतळा आहे. 31 मे 1893 ला ते मुंबईहूनच बोटीने शिकागोच्या प्रवासाला निघाले.

संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर गेलो. लोकमान्यांचा देह इथं वाळूत अग्नीला दिला, 1 ऑगस्ट 1920 ला. स्मशानाबाहेर, समुद्रकाठी, लाखोंच्या गर्दीत. पुतळा त्याच भूमीवर उभा आहे. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके, मूळचे वसईचे, पुढं मध्य प्रदेशातल्या धारला स्थायिक झाले आणि 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईतल्या पुतळ्यांत मला हा सर्वांत जागच्या जागी वाटतो. तो दुसरीकडे कुठं नेताच येणार नाही, कारण त्याचा अर्थ त्या वाळूत आहे. आम्ही भेळ घेऊन तिथंच अंधार पडेपर्यंत बसलो.

शनिवार : घारापुरी

लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून शनिवार निवडला होता. पहिल्या लाँचांपैकी एक गाठायची असेल तर नऊच्या आत गेटवेला पोचावं. तिकीट कमानीजवळच्या खिडकीवर मिळतं. वरच्या डेकवर बसायचं तर लाँचवर चढल्यावर वेगळे थोडे पैसे द्यावे लागतात, ते जरूर द्यावेत. डिझेलचा वास खाली कोंडतो.

अंतर दहाएक किलोमीटर आणि वेळ साधारण तासभर. लाँच सुटली आणि पहिल्यांदा कमान, ताज आणि तो सगळा किनारा पाण्यावरून दिसला. कमान समुद्राकडूनच बघायला बांधली आहे हे तेव्हा पटतं. जमिनीवरून ती एक मोठी इमारत असते, पाण्यावरून दार होते. नौदलाच्या करड्या बोटी, तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, लांबवर न्हावाशेवाच्या क्रेनची रांग. लाँचच्या मागं सीगल लागले होते आणि पोरं त्यांना खायला टाकत होती.

लाँचवरचा एक कामगार बेटावरचाच होता. मी हत्तीचं विचारलं. "ताई, तो आता भायखळ्याला हाय. आमचा आजा सांगायचा, राजबंदरच्या अंगाला होता म्हणून." बेटावर तीन गावं, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबईच्या डोळ्यांसमोर असून बेट मुंबईत नाही. समुद्राखालून केबल टाकून इथं कायमची वीज पोचली ती 2018 साली. समोर एवढं झगमगतं शहर आणि या लोकांनी इतकी वर्षं जनरेटरवर आणि कंदिलावर काढली, हे ऐकून मन कडू झालं.

धक्का लांबलचक आहे, छोटी रेल्वे मिळते. आम्ही चालत गेलो. मग सुमारे 120 पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं, वरती कापडाचं छत. एका आगरी मावशींकडून काकडी आणि आवळे घेतले. "बाय, पिशवीत घाल, माकडं हिसकून घेतील," त्यांनी सांगितलं आणि खरोखरच पुढच्या वळणावर एका मुलाच्या हातातली बाटली माकडाने पळवली.

पहिलं लेणं म्हणजे मुख्य लेणं. उत्तरेच्या दारातून आत गेलं की डोळे सरावायला क्षणभर लागतो. मग खांब दिसायला लागतात, जाड, वरती उशीसारखे दबलेले, रांगांमागे रांगा. काही खांब नंतर दुरुस्त केलेले आहेत ते कळतं. आत खोलवर, अगदी समोरच्या दक्षिण भिंतीत, सदाशिव.

याला लोक त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात. तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. उंची सुमारे 20 फूट, आणि तीही फक्त छातीपर्यंतची. आपल्या डावीकडचं मुख अघोर, भैरवाचं. मिशी, कपाळावर आठी, केसांत नाग आणि कवटी. उजवीकडचं वामदेव, हातात कमळ, केसांच्या नाजूक बटा, मोत्यांच्या माळा. मधलं तत्पुरुष, डोळे मिटलेलं, खालचा ओठ भरीव. मी खूप वेळ त्या ओठाकडेच बघत होते. ओठाच्या खाली हनुवटीवर जाताना दगड एका ठिकाणी किंचित आत घेतला आहे. एवढीच खोली, बोटभरही नसेल. पण बाजूच्या चौकातून उजेड आत येतो आणि त्या खाचेत सावली साचते. ती सावली नसती तर चेहरा नुसता गंभीर वाटला असता. तिच्यामुळे तो शांत वाटतो. भाची वहीत तेवढाच भाग काढत होती, ओठ आणि हनुवटी, पुन्हा पुन्हा.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे शिल्प आणून बसवलेलं नाही. डोंगर वरून आणि पुढून पोखरत नेला, खांब राखले, छत राखलं, आणि शेवटी भिंत म्हणून उरलेल्या दगडातून सदाशिव बाहेर काढला. एक टवका जास्त उडाला असता तर पुन्हा जोडायची सोय नव्हती. अभ्यासक हे काम सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात आणि कलचुरींशी जोडतात. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली आहेत. नक्की कुणी करवलं ते सांगणारा शिलालेख बहुधा होता. पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालला पाठवला आणि तिथं तो हरवला. त्यामुळे एवढ्या मोठ्या कामाचा कर्ता आपल्याला नावाने माहीत नाही.

बाकीची शिल्पंही याच तोडीची. पार्वतीचं लग्न लागतंय ते कल्याणसुंदर, नंदीवर रेललेला अर्धनारीश्वर, जटेत गंगा झेलणारा गंगाधर, कैलास हलवणारा रावण, पट खेळणारे शिव-पार्वती. अंधकासुरवधाचं शिल्प कमरेखाली गेलेलं आहे, तरी वरच्या चेहऱ्यावरचा राग तसाच जिवंत. जवळजवळ सगळ्यांचेच हातपाय तुटलेले. पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजी केली असं गाइड सांगतात, शिवाय कित्येक शतकांचं पाणी, ओल, हेळसांड. 1987 साली युनेस्कोच्या यादीत आल्यापासून निगा बरी आहे. पण सदाशिवाकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी पाहून मला राहवलं नाही. एका घरच्या तीन मुलांना मी थांबवलं, खाली बसवलं आणि म्हटलं, तिन्ही चेहरे बघून कोणता कोणावर रागावलाय ते सांगा. मुलं दहा मिनिटं बसली. मोठीने सांगितलं, "मधला कोणावरच नाही."

जेवण उरकून आम्ही हत्तीची जागा बघायला निघालो. बेटाच्या दक्षिण अंगाला, जुन्या उतरण्याच्या ठिकाणाजवळ तो होता असं जुन्या नोंदींत आहे. सुमारे 13 फूट लांब आणि 7 फुटांहून थोडा उंच. 1814 च्या सप्टेंबरात त्याची मान आणि डोकं गळून पडलं. मग धडही खचायला लागलं. 1864 साली तो हलवायला घेतला. इंग्लंडला न्यायचा बेत होता असं सांगतात, पण उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आले.

राजबंदराकडे जाणाऱ्या वाटेवर भरती-ओहोटीचा चिखल, तिवरांची झुडपं, सुकत घातलेली जाळी, घराघरातून येणारा मासळीच्या कालवणाचा वास. ज्याच्यावरून बेटाला जगातलं नाव मिळालं त्याची जागा दाखवणारा एकही फलक आम्हाला त्या वाटेवर दिसला नाही. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी हात करून "तिकडं, त्या अंगाला" म्हणून दाखवलं. दोघांचे हात जवळजवळ एकाच दिशेला होते. मला वाटतं, तिथं एक साधा दगड तरी रोवला पाहिजे. हत्तीचं चित्र, तो किती मोठा होता, कधी पडला, कुठं नेला, आज कुठं बघायला मिळेल. एवढं करायला ना मोठा निधी लागतो ना सोहळा. आणि बेटावरच्या लोकांना विचारूनच तो रोवावा, कारण ती आठवण त्यांनी सांभाळली आहे.

शेवटच्या लाँचांना गर्दी होते. आम्ही साडेचारच्या आसपासची धरली.

रविवार : भायखळा

राणीची बाग बुधवारी बंद असते, रविवारी उघडी असते पण माणसांनी फुललेली. भायखळा स्टेशनातून पूर्वेला उतरलं की चालत दहाएक मिनिटं. नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. 1862 साली बाग खुली झाली. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलेलं, 1975 पासून भाऊ दाजींच्या नावाचं. लोक पेंग्विन बघायला धावत होते. आम्ही संग्रहालयाच्या बाजूला वळलो.

हत्ती तिथं आहे. झाडांखाली, संग्रहालयाच्या अंगणात.

तुकडे 1864 साली आले आणि जोडले गेले ते 1914 साली. मध्ये 50 वर्षं हत्ती या बागेत ढिगाऱ्यासारखा पडून होता. म्हणजे 1814 साली डोकं गळालं, 1864 साली बेट सुटलं, 1914 साली पुन्हा उभा राहिला. शतकभर त्याचं अंग मोडत आणि जुळत होतं.

जवळ जाऊन बघितलं की जोड दिसतात. मानेजवळ एक रेघ, पोटाकडे उतरणारी दुसरी. जोडणाऱ्यांनी ती लपवायचा फार आटापिटा केलेला नाही, आणि मला ते योग्य वाटलं. दगड घारापुरीच्या डोंगरासारखाच काळा, पावसाने झिजून कडा बोथट झालेल्या. लेण्यातल्या शिल्पांसारखं बारीक काम यावर नाही. पायाच्या जाडीत, पाठीच्या एका सलग बाकात सगळा हत्ती सांगितलाय. लांबून ओळखू यावा म्हणून केलेलं काम असंच असतं. बारीक दागिने कोरून उपयोग नव्हता, लांबून येणाऱ्याला ते दिसले नसते. लांबून बघण्यासाठी घडवलेलं शिल्प आपण आता दहा पावलांवरून, झाडांच्या आडून बघतो, म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ओबडधोबड वाटतं. तिथं उभ्या असलेल्या एका काकांनी मुलाला सांगितलं, "हे जुनं आहे, चल पुढं." मी त्यांना थांबवून सांगितलं की मुंबईच्या शाळांच्या सहली ज्या एलेफंटाला जातात, तो एलेफंटा हा. काका चकित झाले. "काय सांगता! आम्ही तिथं तीनदा गेलोय." मग त्यांनी मुलाला हत्तीसमोर नीट उभं केलं आणि पूर्ण गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

भाची म्हणाली, "मावशी, हा परत न्यायला हवा का गं?" आम्ही यावर बराच वेळ बोललो. मला मनातून वाटतं की हो. पण एकदा तुटून जोडलेला दगड पुन्हा उचलायचा, लाँचवर चढवायचा, खाऱ्या वाऱ्यात उभा करायचा, हे धोक्याचं आहे. तिचं म्हणणं, मोजमापं घेऊन त्याच मापाची प्रतिकृती किनाऱ्यावर, पाण्यातून दिसेल अशी उभारावी, आणि खरा हत्ती इथंच सावलीत राहू द्यावा. शिल्पकलेच्या मुलांना हे काम देता येईल. ते मला पटलं.

त्याच आवारात शहरातून हलवलेले इंग्रज पुतळे आहेत. 1965 साली काढलेले. शुक्रवारी ज्याची जुनी जागा पाहिली तो मूळ काळा घोडा, एडवर्डसकट. कॉर्नवॉलिस. वेलस्ली. आणि बसलेली संगमरवरी व्हिक्टोरिया राणी, शिल्पकार मॅथ्यू नोबल. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी खर्च केलेली. 1896 साली दामोदर चापेकरांनी रात्री जाऊन याच पुतळ्याच्या तोंडाला डांबर फासलं होतं आणि गळ्यात चपलांची माळ घातली होती. पुढच्या वर्षी पुण्यात रँडचा वध झाला. आपल्या इतिहासातली ही गोष्ट आपण नुसती वाचतो. तो चेहरा समोर असताना वाचलेल्या ओळीला वजन येतं. नाक मोडलेलं आहे.

हे पुतळे फोडले नाहीत, जपून ठेवले, हे मला पटतं. चौकातला मान काढून घेतला, पण कारागिरी राखली. बोमच्या घोड्याच्या मानेवरचे केस आणि लगामाचे पट्टे भाचीने जवळजवळ तासभर रेखाटले. ब्राँझच्या कामात शिकण्यासारखं पुष्कळ आहे, राजा कुणीही असो. मात्र हत्तीला या रांगेत ठेवलेलं मला खुपतं. राजे सत्ता गेली म्हणून इथं आले. हत्तीची काहीच चूक नव्हती, त्याला कुणी तरी उचलायला गेलं आणि हातातून सोडलं.

बागेत गोरखचिंचेचं जुनं झाड आहे, तेही बघून घ्या. हत्तीइतकाच जाड बुंधा.

परतीची गाडी रात्रीची होती. दुपारी दादरला जेवलो, भाचीला रंग घेऊन दिले.

सहलीची आखणी मी गाडीतच लिहून काढली. फेब्रुवारीत नववीच्या मुलांना आणायचं आहे. पहिल्या दिवशी घारापुरी, दुसऱ्या दिवशी भायखळा, याच क्रमाने. बेटावरची रिकामी जागा आधी दाखवायची आणि मग हत्ती. प्रत्येकाने हत्तीचं चित्र काढायचं, पण झाडांखालचा नाही, किनाऱ्यावर उभा असलेला, लाँचमधून दिसेल तसा. ती चित्रं आणि फलकाची मागणी करणारं मुलांच्या सह्यांचं पत्र पुरातत्त्व खात्याला आणि घारापुरीच्या ग्रामपंचायतीला पाठवायचं ठरलं आहे. भाचीने तिच्या वर्गातल्या दोघांना मापं घ्यायच्या कामाला तयारही केलंय.